पॉलिमर क्लेची महिन्याची बैठक: घरोघरी, हॉलमध्ये की ऑनलाइन?

घरी व्हिडिओ बघत दोन-चार कानातले करून झाले, की पुढची भूक लागते ती सोबतीची. शेजारी बसून कुणीतरी क्ले मळतंय, तिचा मणी आपल्यापेक्षा गोल कसा येतो ते डोळ्यांनी बघता येतंय, एवढं मिळालं तरी हात सुधारतो. अमेरिकेत यासाठी ठिकठिकाणी गिल्ड, म्हणजे हौशी कारागिरांची मंडळं, आहेत. महिन्यातून एकदा जमायचं, एकीनं एखादं तंत्र करून दाखवायचं, मागच्या महिन्यात कुणी काय केलं ते टेबलावर मांडायचं आणि मग आपापलं काम घेऊन बसायचं, असा त्यांचा साधा रिवाज. जळगाव-धुळ्याकडे हे करायचं म्हटलं तर तीन वाटा आहेत: भिशीसारखी घरोघरी फिरणारी बैठक, भाड्याच्या हॉलमधला फी भरून करायचा वर्ग, आणि मोबाइलवरची ऑनलाइन भेट.

बहुतेक जणी आधी विचारतात, ‘काय शिकवणार?’ मी म्हणते, आधी विचारा, ‘ओव्हन कोणाचा, आणि बेक कोण करणार?’

याला क्ले म्हणतात खरं, पण त्यात माती नसतेच. पीव्हीसी नावाचं प्लास्टिक, त्याला मऊ ठेवणारं प्लास्टिसायझर आणि रंग, असा हा मामला. हवेवर ठेवलं तर ते वर्षभरही वाळणार नाही. उष्णता मिळाली की मगच एकजीव होऊन घट्ट होतं. ब्रँडप्रमाणे तापमान बदलतं: फिमोला साधारण ११० अंश सेल्सियसला अर्धा तास लागतो, स्कल्पीच्या बऱ्याच प्रकारांना १३० च्या आसपास, काटोला १५० पर्यंत. उष्णता कमी पडली तर नग वरून झकास दिसतो आणि काही दिवसांनी बरोबर हुकापाशी तुटतो. जास्त झाली तर आधी रंग करपतो, आणि फारच वर गेली तर घसा जाळणारा हायड्रोजन क्लोराइडचा धूर निघतो. घरच्या ओटीजीचं, म्हणजे टेबलावरच्या विजेच्या छोट्या ओव्हनचं, बटण १३० वर ठेवलं म्हणजे आत १३० असतात, यावर विश्वास ठेवू नका. आत ठेवायचा छोटा थर्मामीटर वेगळा मिळतो. ज्या बैठकीत तो आहे, ती बैठक निम्मी पास. आणि मायक्रोवेव्हच्या लहरींवर कुणी भाजताना दिसलं तर चहा पिऊन निघून या.

एक परीक्षा कुठेही घेता येते. भाजलेल्या क्लेची पातळ पट्टी पूर्ण गार झाल्यावर दोन बोटांत धरून हळूहळू वाकवा. नीट भाजलेली पट्टी कमानीसारखी वाकते आणि सोडली की सरळ होते. कच्ची असेल तर कट्‌कन मोडते आणि मोडलेली कड भुसभुशीत दिसते. पहिल्यांदा कुठल्याही ग्रुपमध्ये जाल तेव्हा त्यांच्या टेबलावरचा एखादा टाकाऊ तुकडा मागून हे करून बघा. यजमानीणबाईंच्या कपाळाला आठी पडली तरी हरकत नाही.

आता घरोघरीची बैठक. खिशाला हीच सगळ्यात हलकी, आणि माझा कलही इकडेच. एक वडी बहुधा ५७ ग्रॅमची येते. एकटीनं दहा रंग घ्यायचे तर अंगावर येतं. दहा जणींनी भिशीसारखे महिना ३०० काढले तर ३००० जमतात, त्यातून रंग सामाईक घ्यायचे, पांढरा आणि पारदर्शक जास्त. क्ले पातळ लाटायचं पास्ता मशीन, दाबून दोरी काढायचा एक्स्ट्रूडर, लांब पात्याचं ब्लेड ही हत्यारंही सामाईक. प्रत्येकीनं आणायचं काय, तर गुळगुळीत टाइलचा एक तुकडा. त्यावरच लाटायचं, त्यावरच नग ओव्हनमध्ये ठेवायचा. म्हणजे उचलताना आकार बिघडत नाही.

भानगड होते ती ओव्हनचीच. दर महिन्याला घर बदलतं, म्हणजे ओव्हन बदलतो, म्हणजे तापमान बदलतं. एकीकडे पिवळा पिवळाच राहतो, पुढच्या महिन्यात दुसरीकडे तोच पिवळा बदामी होऊन बाहेर येतो. उपाय सोपा आहे: बैठक फिरू द्या, ओव्हन फिरवू नका. ग्रुपचा एकच ओटीजी ठरवा, तो कुणा एकीच्या घरी राहील, आणि सगळ्यांचे नग डब्यात घालून तिच्याकडे जातील. हा ओटीजी स्वयंपाकाचा नसावा. नसेलच जमत, तर ॲल्युमिनियमच्या दोन ट्रे एकमेकांवर पालथ्या घालून, क्लिपा लावून, त्या बंद डब्यात भाजा. क्लेला लागलेलं लाटणं, सुरी, कटर पुन्हा पोळपाटाकडे न्यायचं नाही, हे सासूबाईंना आधीच सांगून ठेवलेलं बरं. विजेच्या बिलाची काळजी नको, अर्ध्या-पाऊण तासाच्या भाजणीला युनिटभरसुद्धा जळत नाही. आणि मध्येच लाइट गेली तरी नग वाया जात नाही. आल्यावर पुन्हा पूर्ण वेळ भाजायचा. पॉलिमर क्ले कितीदाही भाजता येते, फक्त करपू द्यायची नाही.

दुसरी भानगड खाण्याची. आपल्याकडे चार बायका जमल्या की यजमानीण फुनके-कढीच्या तयारीला लागते, आणि दुपार तिथेच संपते. चहा शेवटी, हात धुऊन, हा नियम पहिल्या दिवशी केला तरच टिकतो. कच्ची क्ले मळलेल्या बोटांनी शेव-मुरमुरे खाणं तसंही बरं नव्हे.

हॉलमधल्या वर्गाला एक मोठी जमेची बाजू आहे: शिकवणारी व्यक्ती ठरलेली असते आणि ती वेळेवर सुरू करते. अगदी नवखी असाल, क्ले मळून मऊ कशी करायची इथपासून सुरुवात असेल, तर दोन-तीन महिने असा वर्ग करावा. पण हिशेब नीट बघा. पंधरा जणी आणि एक छोटा ओव्हन असेल तर सगळ्यांचे नग एका फेरीत मावत नाहीत. मग घाई होते, अर्ध्या तासाऐवजी पंधरा मिनिटांत ट्रे बाहेर येतो, किंवा ‘घरी नेऊन भाजा’ असं सांगितलं जातं. मी बसले त्या एका वर्गात फीमध्ये दिलेली क्लेच इतकी जुनी होती की मळताना तिचा चुरा होत होता. शेजारची म्हणाली, ‘हाई ते भुगा व्हई गया व माय!’ शिकवणाऱ्या बाई मात्र ‘अजून मळा’ एवढंच सांगत राहिल्या. तेव्हा फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. क्ले कोणती आणि कधीची? भाजून मिळणार का? सामान तुमच्याचकडून घ्यायची सक्ती आहे का? तिसऱ्याला आढेवेढे आले तर तो वर्ग कमी, दुकान जास्त आहे असं समजा.

अंतराचाही विचार हवा. भुसावळवाल्यांना जळगाव पंचवीसेक किलोमीटर, गाडीनं जाऊन-येऊन जमतं. धुळ्याहून पारोळा-एरंडोल करत जळगाव गाठायचं म्हणजे नव्वदेक किलोमीटर. त्यासाठी पूर्ण रविवार खर्ची पडतो. नंदुरबार, शहादा, चोपडा इकडच्यांना ऑनलाइन भेट त्यामुळेच बरी वाटते, आणि काही कामांना ती खरंच पुरते. ग्रेडियंट शिकायचा असेल तर उदाहरणार्थ. दोन रंगांचे दोन त्रिकोण कर्णाला कर्ण जोडून चौकोन करायचा, एकाच दिशेनं घडी घालायची, मशीनमधून काढायचा, पुन्हा तीच घडी. वीस-पंचवीस वेळा असं केलं की एका रंगातून दुसरा हळूच उगवतो. जुडिथ स्किनर यांच्या नावानं याला स्किनर ब्लेंड म्हणतात. वरून लावलेल्या कॅमेऱ्यात हे हॉलमधल्या मागच्या रांगेपेक्षा स्वच्छ दिसतं. पण तुमची क्ले किती मऊ झाली, हे पडद्यापलीकडच्या बाईला बोटानं दाबून बघता येत नाही. आणि भाजताना तुम्ही एकट्याच.

म्हणून माझं मत असं. हात बसलेला असेल आणि गावात तिघी-चौघी असतील तर घरोघरीची बैठक, एका ओव्हनवर. पाटी कोरी असेल तर आधी वर्ग, पण वरचे तीन प्रश्न विचारून. गावात दुसरं कुणीच नसेल तर ऑनलाइन, आणि वर्षातून एक-दोनदा प्रत्यक्ष भेट. कानातले विकायचे म्हणून शिरणार असाल तर मात्र घरोघरीच्या बैठकीत फार दिवस रमणार नाही. तिथे वेळ फार जातो आणि सगळ्यांकडे सारखीच डिझाइनं तयार होतात.

बैठक टिकते की विरते, हे प्रोजेक्टवर ठरतं. सगळ्यांनी एकच वस्तू करायची, ही पद्धत वर्गाला ठीक. घरच्या बैठकीत तिसऱ्या महिन्यापासून तिचा कंटाळा येतो. उलट ‘ज्याचं त्यानं करा’ म्हटलं, की नवखी गप्प बसते आणि जुनी मोबाइल बघते. परदेशी गिल्डमधली अदलाबदलीची रीत मला सगळ्यात जास्त पटली: प्रत्येकीनं एकाच पद्धतीचे जमलेल्या माणसांइतके मणी करून आणायचे, एकेक वाटायचा, आणि घरी जाताना प्रत्येकीकडे सगळ्यांच्या हातचा एकेक मणी. दहा जणींच्या माळेत एखादा वाकडा मणी आला तरी कुणाला लाज वाटत नाही. तिकडेच ‘बॉटल्स ऑफ होप’ नावाचा एक उपक्रम आहे. औषधाच्या रिकाम्या काचेच्या छोट्या बाटल्यांवर क्लेची नक्षी करून त्या कर्करोगाच्या रुग्णांना भेट द्यायच्या. काच ओव्हनची उष्णता सहज सोसते, म्हणून बाटली आत ठेवूनच भाजता येते. वर्षातून एकदा असं काहीतरी सगळ्यांनी मिळून करायला घेतलं, की गळती थांबते.

आपल्याकडचा विषय हवा असेल तर चुंबकावरचे छोटे पदार्थ घ्या. भरताचं वांगं करताना जांभळा रंग उघडूच नका. जळगावी भरताचं वांगं हिरवट-पांढुरकं असतं, त्यासाठी पारदर्शक क्लेत हिरव्याचा अगदी कण मिसळायचा. केळीचा घड तर स्किनर ब्लेंडसाठीच जन्मल्यासारखा. घड बागेतून निघतो तेव्हा हिरवाच असतो, म्हणून देठाकडे हिरवा ठेवून टोकाकडे पिवळा न्यायचा. प्रत्येक केळं गोल वळून झालं की टाइलवर चारी अंगांनी हलकं दाबायचं, नाहीतर ते केळं न वाटता मिरची वाटतं. कडांवर तपकिरी खडूची पूड सुक्या ब्रशनं ओढली की पिकल्याची खूण दिसू लागते. हे भाजण्याआधीच करायचं. कच्च्या क्लेला पूड चिकटते, भाजलेल्यावरून झटकून जाते.

काही गोष्टी मात्र या क्लेत करूच नका, ग्रुपनं कितीही आग्रह केला तरी. पणती नको, पीव्हीसी आणि ज्योत यांचं जमत नाही. गुलाबाईची मूर्तीही नको. ती विसर्जनाची, आणि हे प्लास्टिक पाण्यात विरघळत नाही. पणती, गुलाबाई, पोळ्याचे बैल ही कुंभाराच्या मातीची कामं, ती त्याच्याकडूनच घ्यावीत. कॉर्नफ्लॉवर आणि फेविकॉलची घरगुती एअर-ड्राय (हवेवर वाळणारी) क्ले स्वस्त पडते, ओव्हनही लागत नाही, मुलांच्या सुट्टीला ती छानच. पण ती वाळताना आकसते, आपल्या मे महिन्यात भराभर सुकून तडकते आणि श्रावणात चार-चार दिवस ओली राहते. पॉलिमरला पावसाळी दमटपणाचं काही वाटत नाही. तिचा वैरी उन्हाळा.

वर्षाची आखणी त्यावरच करावी लागते. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा कुरिअरच्या गाडीत, गोदामात किंवा स्कूटीच्या डिकीत पडलेली कच्ची क्ले थोडी थोडी शिजू लागते. पाकीट फोडलं की वडी टणक, मळली की चुरा. थोडंच बिघडलेलं असेल तर लिक्विड क्लेचे दोन थेंब घालून वाचतं, जास्त असेल तर फेकायचं. साठा धाब्याच्या, म्हणजे मातीच्या जाड छताच्या थंड घरात असेल तर नशीबवान. नसेल तर सगळ्यात खालचा कप्पा, खिडकीपासून लांब. डबाही बघून घ्या, कच्ची क्ले काही कडक प्लास्टिकांना खाते. पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे तळाशी त्रिकोणात ५ आकडा असलेला डबा चालतो. उन्हाळ्यातल्या बैठका सकाळी आठला घ्या आणि केनची कामं तेव्हा टाळा. केन म्हणजे अळूवडीच्या उंड्यासारखा नक्षीचा लोळा, ज्याच्या चकत्या कापतात. गरमीत तो इतका लिबलिबतो की पातं फिरवलं की फूल विस्कटतं. करायचाच झाला तर कापण्याआधी गुंडाळून वीस मिनिटं फ्रिजमध्ये. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास अनेक जणी माहेरी असतात, त्या महिन्यात ठसे, पोत, सपाट पेंडंट अशी सोपी कामं ठेवा. मणी-अदलाबदल श्रावणातली कानबाई झाल्यावर, आणि केनचा सगळा धडाका दिवाळीनंतरच्या थंडीत. क्लेची वर्षाची ऑर्डर होळीच्या आत हातात पडायला हवी.