बेड ग्राइंडिंगच्या नावाखाली मला घातलेला गंडा

जुनं लेथ, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत कापून घडवणारं मशीन, दुरुस्तीला देणार असाल, तर आधी हे वाचा. माझे ६२,००० रुपये गेले. पैशापेक्षा जास्त राग याचा येतो, की ज्या कामाचे सर्वांत जास्त पैसे घेतले ते काम झालंच नव्हतं, आणि हे कळायला मला तीन आठवडे लागले.

मशीन आमच्या आबांचं. आबा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात टर्नर होते. १९७९ साली त्यांनी हरिहरच्या मैसूर किर्लोस्कर कारखान्यातलं एक सेकंडहँड लेथ घेतलं आणि आयुष्यभर त्यावर ऑइल इंजिनाची कामं केली. ते गेल्यावर मी मशीन घराच्या पाठीमागं पत्र्याच्या शेडमध्ये आणून बसवलं. माझी नोकरी बँकेतली, पण शाळा सुटली की आबांच्या हाताखाली उभं राहायचो, त्यामुळं मशीन चालवता येतं. निवृत्तीनंतर शेजारपाजारच्या पंपांचे शाफ्ट, बुश, एखादी पुली असं काहीबाही करत असतो.

चाळीस-पन्नास वर्षं चाललेल्या लेथचा बेड, म्हणजे ज्यावर बाकीचे भाग सरकतात तो लांब पाया, सगळीकडं सारखा झिजत नाही. बहुतेक काम चकाजवळ (चक म्हणजे जॉब, कापायचा तुकडा, धरून फिरवणारा भाग) होतं, म्हणून टूल वाहून नेणारं सॅडल तिथंच जास्त घासतं. टेलस्टॉककडचा, म्हणजे चकासमोरच्या टोकाचा बेड जवळजवळ नवा राहतो. आमच्या बेडवर चकाखाली, जिथं सॅडल पोचतच नाही, तिथं न झिजलेल्या भागाची एक पायरी तयार झाली होती. नख फिरवलं की खटकन अडकायचं. झिजलेल्या जागी सॅडल पुढच्या बाजूला किंचित कलतं, टूल जॉबपासून मागं सरतं आणि जॉब चकाकडं जाड निघतो. मशीन देण्याआधी मी चकात ४० मिलिमीटरचा रॉड धरला, १५० मिलिमीटर बाहेर ठेवला, टेलस्टॉकचा आधार न देता त्याच्या दोन टोकांना एकाच सेटिंगवर हलका कट मारला आणि मायक्रोमीटर लावला. फरक ०.०९ मिलिमीटर. आबांच्या जुन्या वहीत तारखेसह लिहून ठेवला. पुढं ही एक ओळच माझ्या कामी आली.

मिस्त्री ओळखीतून मिळाला. चाळिशीचा, बोलायला गोड. मशीन बघितलं, बेडवर हात फिरवला, म्हणाला, “काका, आबांचं मशीन हाय, तुमी काय काळजी करू नगा. नव्यासारखं करून देतो.” बेड ग्राइंडिंगचे, म्हणजे बेड फिरत्या दगडानं घासून सपाट करायचे ३८,०००, हेडस्टॉक (चक फिरवणारी गिअरची पेटी) खोलून त्यातल्या स्पिंडलची बेअरिंगं आणि बुश बदलायचे १६,०००, रंग आणि ने-आण ८,०००. चाळीस हजार आगाऊ मागितले. बिल मागितलं तर म्हणाला, “बिल पायजे तर अठरा टक्के वर लागतील.” मी पैसे वाचवायला गेलो आणि साध्या चिठ्ठीवर समाधान मानलं. त्या चिठ्ठीवर ‘लेथ रिपेअरिंग’ एवढे दोनच शब्द आणि रक्कम.

माझा विश्वास का बसला, तेही सांगतो. शंभर वर्षांपूर्वी बाबूराव पेंटर आणि दामले यांनी सिनेमाचा कॅमेरा याच कोल्हापुरात हातानं तयार केला. इथल्या कारागिराच्या शब्दावर आम्ही लहानपणापासून डोळे झाकून विश्वास ठेवत आलो. आबा तर पावती न घेता महिना-महिना उधारीवर कामं द्यायचे.

लांब बेड ग्राइंड करायला मोठं मशीन लागतं, ते काही प्रत्येक गाळ्यात नसतं. मिस्त्री म्हणाला, बेड शिरोली एमआयडीसीत पाठवतोय. मी म्हटलं, मीही येतो. “तिथं भायेरच्या माणसाला आत सोडत नाहीत, काका.” तिथंच मी अडायला पाहिजे होतं.

दहा दिवसांनी मशीन घरी आलं. हिरवा रंग चकचकीत, बेड आरशासारखा, आणि बेडच्या पाठीवर चंद्रकोरीसारख्या बारीक खुणांची ओळ. “ग्राइंडिंग करून वर हातानं स्क्रेपिंग मारलंय,” तो म्हणाला. पायरीवर नख फिरवलं, अडकलं नाही. मशीन सुरू केलं, गिअरचा आवाज गेलेला. सॅडल लोण्यासारखं सरकत होतं. उरलेले २२,००० मी आनंदानं दिले.

आठवडाभरात गिअर पुन्हा खडखडायला लागले. तेल कमी झालं असेल म्हणून हेडस्टॉकचा ड्रेन बोल्ट काढला, तर तेल पडेचना. थोड्या वेळानं काकवीसारखी काळी, घट्ट धार लोंबायला लागली. बोटावर घेऊन चोळलं तर खरखर लागली. कापडावर पसरून उन्हात धरलं. लाकडाचा बारीक भुसा होता तो. तेलात ग्रीस आणि भुसा कालवून गिअरच्या दातांमधला आवाज दाबला होता. झाकण काढून आत बघितलं तर स्पिंडलचं पुढचं बेअरिंग जुनंच. रिंगवर तोच जुना तपकिरी ताव, तोच गंजाचा ठिपका. काढलेले जुने भाग मी परत मागितले होते, तेव्हा ते भंगारात गेल्याचं सांगितलं होतं.

मग बेडचा संशय आला. तोच ४० मिलिमीटरचा रॉड, तीच रीत. फरक ०.०८ मिलिमीटर. वही उघडून दोन्ही आकडे शेजारी बघितले आणि मटकन स्टुलावर बसलो.

बेड खरंच ग्राइंड झाला की नाही, हे ओळखायची रीत सांगतो, कारण रंग आणि चकाकी काहीच सिद्ध करत नाही. पायरी नखाला लागत नव्हती, कारण तिची धार फक्त एमरीनं गोल केली होती. बेडवर चार फुटी स्ट्रेट एज (अचूक सरळ पट्टी) लांबीच्या दिशेनं ठेवली तर झिजलेल्या जागी ०.२० मिलिमीटरचा फिलर (फट मोजायची पातळ पट्टी) आरामात खालून गेला. चंद्रकोरी हँड ग्राइंडरनं मारलेल्या होत्या. खऱ्या स्क्रेपिंगला मास्टर पट्टीवर निळा रंग लावून उंचवटे बघत, ते खरवडत दिवसेंदिवस बसावं लागतं. आणि १९८६ साली आबांच्या हातून चक निसटून बेडवर पडला होता, त्याचा उथळ घाव जसाच्या तसा होता, फक्त त्याच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या.

याहून पक्का पुरावा लीडस्क्रूचा, म्हणजे सॅडलला ओढणाऱ्या लांब आट्याच्या दांड्याचा. मिस्त्री सांगत होता की बेडवरून ०.४ मिलिमीटर काढलं. तसं असतं तर सॅडल आणि त्याखालचं ॲप्रन तेवढंच खाली आलं असतं आणि ॲप्रनमधला हाफनट (लीडस्क्रूला पकडणारा दोन भागांचा नट) लीडस्क्रूवर नीट बसला नसता. मग एक तर सॅडलच्या पोटाला टर्साइटची (गुळगुळीत प्लास्टिकची) पट्टी चिकटवून उंची परत आणावी लागते, नाही तर लीडस्क्रूचे ब्रॅकेट सरकवावे लागतात. इथं पट्टी नव्हती, ब्रॅकेटच्या पिना जागच्या हललेल्या नव्हत्या, तरी हाफनट पहिल्यासारखाच बसत होता. सॅडल लोण्यासारखं का सरकत होतं, तेही कळलं. गिब, म्हणजे सॅडलचा खेळ काढायला आवळायची पट्टी, सैल सोडून सगळीकडं जाड तेल मारलं होतं. चकाजवळ खेळ जाईल एवढी गिब आवळली की टेलस्टॉककडं जाताना सॅडल अडकत होतं. अशी अडचण आली की बेड झिजलेला आहे, हे नक्की समजा.

मी गाळ्यावर गेलो. आधी म्हणाला, बेड हार्ड आहे, जास्त काढता येत नाही. वही दाखवली तर म्हणाला, “तुमचा मायक्रोमीटर चुकीचा असंल.” तेलाचं कापड पुढं ठेवलं, तेव्हा मात्र आवाज चढला. “काय करायचं ते करा.” चार वेळा खेटे मारून, उद्यमनगरातली दोन जुनी माणसं मध्ये घालून नऊ हजार परत मिळाले. ग्राहक आयोगात जायचा विचार केला. पाच लाखांपर्यंतच्या कामाला तिथं तक्रारीची फी नसते आणि दोन वर्षांची मुदत असते. पण चिठ्ठीवर ना बेड ग्राइंडिंगचा उल्लेख, ना बेअरिंगचा. काय काम ठरलं होतं, हेच मला कागदावर दाखवता येत नव्हतं. १८ टक्के वाचवले त्याची ही किंमत.

म्हणून मशीन देण्याआधी मापं घ्या, मिस्त्रीसमोर घ्या, आणि कागदावर त्याची सही घ्या. किती मिलिमीटर काढणार, लीडस्क्रूची उंची कशी जुळवणार, कोणतं बेअरिंग घालणार, हे लिहून घ्या. जुने भाग परत मिळालेच पाहिजेत, हेही त्यात लिहा. बेड ग्राइंडरवर चढलेला असताना तुम्हाला बघू देत नसतील, तर काम देऊ नका. उरलेले पैसे रंग बघून नाही, घरी टेस्ट कट मारून मगच द्या. आणि घरी आलेल्या मशीनचं तेल पहिल्याच दिवशी काढून बघा.

यंदा दुसऱ्या ठिकाणी खरं ग्राइंडिंग झालं. त्यांनी मला तिथं स्टूल दिलं. पाणी सुटत होतं, दगड बेडवरून सावकाश जात-येत होता, आणि पहिल्या काही फेऱ्या ठिणग्या फक्त टेलस्टॉककडं आणि चकाखालच्या पायरीवर उडत होत्या, चकाजवळच्या झिजलेल्या भागाला दगड टेकतसुद्धा नव्हता. बेड किती झिजला होता, ते तेव्हा डोळ्यांना दिसलं. संध्याकाळपर्यंत ठिणग्या सगळ्या लांबीवर आल्या. आबांचा घाव गेला. घरी येऊन टेस्ट कट मारला, ०.०१ मिलिमीटर. वहीत त्या दोन आकड्यांखाली लिहिला.

चार फुटी स्ट्रेट एज आणि फिलर गेज शेडमध्ये टांगलेली आहेत. ओळखीपाळखीत कोणाला मशीन तपासायला हवी असतील, तर घेऊन जावीत, वापरून पुसून, तेल लावून परत आणून द्यावीत.