बेसमेंटमधल्या रफ-इनवर बांधलेली बाथरूम: वर्षभराच्या वापरानंतर

अमेरिकेत, मिशिगनमधल्या डेट्रॉइटच्या आसपास नवं घर घेताना बिल्डरच्या यादीत एक ओळ बहुतेक असतेच: बेसमेंटमध्ये बाथरूमचं रफ-इन आहे, म्हणजे पुढे बाथरूम बांधता यावी म्हणून ड्रेनचे पाईप आधीच घातलेले आहेत. ती वाचली की अर्धं काम झालंय असं वाटतं. खाली उतरून पाहिलं की काँक्रीटमधून वर आलेले पांढरे पाईप दिसतात. कमोडसाठी ३ इंची, बेसिनसाठी त्याहून बारीक, वर छताशी बूच लावलेला व्हेंट (ड्रेनमधली हवा खेळती ठेवणारा) पाईप, आणि शॉवरच्या जागी खडी भरलेला चौकोनी खड्डा. आमच्याकडे कोपऱ्यात झाकण लावलेलं एक पिंपही जमिनीत बसवलेलं होतं. बस. पाणी नाही, वीज नाही, भिंती नाहीत, आणि त्या पिंपात पंपही नाही.

आमची बाथरूम पूर्ण होऊन आता वर्ष होत आलं. सांगलीहून आई-बाबा आले तेव्हा त्यांची खोली खालीच होती, त्यामुळे उन्हाळाभर आणि पुढे थंडी सुरू होईपर्यंत ती रोज, दिवसातून अनेकदा वापरली गेली. इतक्या वापरानंतर माझं ठाम मत असं झालंय की टाइल, नळ, आरसा यांवर आपण जितका वेळ घालवतो तितका त्यांना द्यायची गरज नसते. रोज जाणवतात त्या ड्रायवॉल (भिंतीवरच्या जिप्समच्या पाट्या) लागायच्या आधी ठरलेल्या गोष्टी. म्हणून लिहितेय ते मुख्यतः त्यांच्याबद्दलच.

सगळ्यात आधी पाईप खरोखर वाहतात का ते पाहावं. प्लंबरने प्रत्येक पाईपचं बूच काढून बादलीभर पाणी ओतलं आणि पिंपाचं झाकण उघडून ते तिथे पोचतंय का पाहिलं. शॉवरच्या पाईपमधून पाणी रेंगाळत येत होतं. आत कॅमेरा घातला तर सिमेंटचा गठ्ठा दिसला, बांधकामाच्या वेळी पडलेला. बिल्डरची वर्षाची हमी संपलेली नव्हती, म्हणून तो त्यांच्याच खर्चाने निघाला. नवं घर असेल तर बाथरूम पाच वर्षांनी बांधायची असली तरी ही तपासणी पहिल्या वर्षातच करून घ्या.

मग मोजमाप. कमोडचं अंतर मागच्या तयार भिंतीपासून ड्रेनच्या मध्यापर्यंत मोजतात आणि बाजारातले बहुतेक कमोड १२ इंचांचे असतात. आमची मागची भिंत बाहेरची, म्हणजे थंड काँक्रीटची. त्यावर २ इंच फोम, पुढे साडेतीन इंचांची लाकडी चौकट आणि अर्धा इंच ड्रायवॉल, असे ६ इंच जाणार होते. पाईप उघड्या काँक्रीटपासून १६ इंचांवर. उरले १०. एका कंत्राटदाराने फोम काढून टाकायचा सल्ला दिला, दुसऱ्याने स्लॅब फोडून पाईप सरकवायचा. दोन्हीची गरज नव्हती. टोटो, कोहलर, अमेरिकन स्टँडर्ड या सगळ्यांचे १० इंचांचे कमोड मिळतात, फक्त ऑर्डर करून मागवावे लागतात. फोम ठेवला याचा आनंद मला दर जानेवारीत होईल, कारण उघड्या काँक्रीटवर बाथरूमची वाफ बसली की ड्रायवॉलमागे बुरशी धरते आणि ती कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

कमोडच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना किमान १५ इंच आणि समोर २१ इंच मोकळी जागा नियमाने लागते. बाबांचा गुडघा दुखरा आहे, त्यामुळे आम्ही एका बाजूला १८ ठेवले. बेसमेंटमध्ये डक्ट आणि बीम खाली आलेले असतात, पण बाथरूमला छताची ६ फूट ८ इंच उंची चालते, हे अनेकांना ठाऊक नसतं.

परवान्याबद्दल थोडक्यात: घ्या. मिशिगनमध्ये आपण स्वतः राहतो त्या घरासाठी घरमालकाला आपल्या नावावर परवाना काढता येतो. प्लंबिंग, वीज आणि बांधकाम यांचे वेगळे असतात. इन्स्पेक्टर भिंती उघड्या असताना येतो आणि शेवटी पुन्हा येतो. आमच्याकडे आलेल्या गृहस्थांनी ड्रेनचा उतार स्वतः लेव्हल लावून पाहिला, बारीक पाईपला फुटाला पाव इंच. इतक्या नेमकेपणाने दुसरं कुणी पाहिलं नसतं.

आता पिंप. आमच्या घराची मुख्य ड्रेन लाइन बेसमेंटच्या जमिनीपेक्षा वरून बाहेर जाते, म्हणून खालचं सगळं सांडपाणी आधी या १८ इंच रुंद, ३० इंच खोल पिंपात येतं आणि पंप ते वर ढकलतो. याला इजेक्टर म्हणतात. शेजारीच असतो तो सम्प पंप पूर्ण वेगळा: तो जमिनीतलं पाणी घराबाहेर टाकतो. त्या दोघांचा संबंध जोडायला कुणी सुचवलं तर त्या माणसाला काम देऊ नका. इजेक्टरसाठी अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप, २ इंची पाईप, पाणी मागे येऊ नये म्हणून चेक व्हॉल्व्ह, वायू बाहेर येणार नाही असं घट्ट झाकण आणि घराच्या छपराबाहेर निघणारा व्हेंट लागतो. बेसिनखाली लावतात ती हवा आत घेणारी छोटी झडप इथे चालत नाही.

वापराचा अनुभव: पंप नीट चालतो. वास कधीच आला नाही. पण आवाज आहे. काही फ्लशनंतर पाणी ठरावीक उंचीला आलं की पंप थोडा वेळ घरघरतो आणि थांबताना चेक व्हॉल्व्ह धप्प करून मिटतो. पहिल्या रात्री आई दचकून उठली. नंतर कमी आवाजाचा व्हॉल्व्ह लावला, पाईपच्या पट्ट्यांखाली रबर घातलं आणि खोलीच्या बाजूच्या भिंतीत आवाज अडवणारं मिनरल वूल आधीपासून होतंच, त्यामुळे आता तो मंद ऐकू येतो. तुमच्या बेसमेंटमध्ये झोपायची खोली असेल तर ते मिनरल वूल भिंत बंद व्हायच्या आधीच भरा, पैसे किरकोळ लागतात.

दुसरी मर्यादा विजेची. वीज गेली की पंप बंद, म्हणजे खालची बाथरूम बंद. फेब्रुवारी २०२३ मधल्या बर्फाच्या वादळात मिशिगनच्या या भागात लाखो घरांची वीज गेली होती आणि काहींना ती परत यायला दिवस लागले, त्यामुळे ही पुस्तकी भीती नाही. वरच्या मजल्यांची बाथरूम उतारावरच वाहते, तेव्हा तेवढ्या काळात सगळ्यांनी वर जायचं, असा घरातला नियम आहे. पाणी फार चढलं तर वाजणारा अलार्म जरूर लावा. आणि वेट वाइप्स, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, पंपाचा गळा आवळतात. कमोडशेजारी झाकणाचा कचरा डबा हवाच.

आपल्या सवयींसाठी केलेल्या गोष्टी मला सर्वात मोलाच्या वाटतात. इथे जेट स्प्रे लोक नंतर कमोडच्या थंड पाण्याच्या नळीला जोडतात, आणि हिवाळ्यात ते पाणी अंगाला झोंबतं. भिंत उघडी असतानाच आम्ही कमोडजवळ गरम पाण्याचाही पाईप आणला आणि गरम-थंड मिसळणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवला. पाण्याचा हीटर बेसमेंटमध्येच असल्याने कोमट पाणी लगेच येतं. स्प्रेला स्वतंत्र बंद करायचा नळ आहे, वापर झाला की तो फिरवायचा, नळीवर सतत दाब ठेवायचा नाही. आईने सांगलीच्या घरीसुद्धा असंच करून हवं असं म्हटलं, यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र मला नको.

शॉवरमध्ये बादलीसाठी खाली एक तोटी घेतली, कारण बाबा शॉवरखाली उभं राहून आंघोळ करत नाहीत. यात एक बारकावा आहे: मुख्य व्हॉल्व्हपासून खालच्या तोटीपर्यंतचा पाईप तांब्याचा हवा. तिथे पेक्स (प्लास्टिकचा लवचिक पाईप) घातला तर तो आतून अरुंद असतो, दाब मागे येतो आणि खालची तोटी चालू असताना वरच्या शॉवरमधूनही पाणी गळतं. आमच्या प्लंबरने हे न सांगता केलं, त्याच्या अनुभवाला सलाम.

शॉवरचा खड्डा तर वरदानच आहे. तिथे काँक्रीट नसतंच, त्यामुळे ट्रॅप (पाणी अडवून ठेवणारा वाकडा पाईप) हव्या त्या उंचीवर बसवता येतो. आम्ही आजूबाजूचं थोडं काँक्रीट कापून शॉवरची जमीन खाली घेतली आणि उंबरठा ठेवलाच नाही. बाबा काठी टेकत सरळ आत जातात. टाइल लावण्यापूर्वी पाणी न झिरपणारं मेम्ब्रेन घालून, ड्रेन बंद करून पाणी रात्रभर भरून ठेवलं आणि सकाळी पातळीची खूण जागेवर आहे का पाहिलं. ही चाचणी घाईत सोडू नका.

जमिनीखाली विजेची गरम चटई घातली. हा खर्च चैनीचा वाटत होता, पण बेसमेंटची फरशी ऑक्टोबरपासूनच गार पडते आणि आई-बाबांनी खोलीतल्यापेक्षा बाथरूमच्या जमिनीचं जास्त कौतुक केलं. एक्झॉस्ट फॅनला नियमाने ५० सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट हवा) पुरतो. आम्ही ११० चा, दमटपणा ओळखून आपोआप चालणारा घेतला. जुलैमध्ये मिशिगनच्या बेसमेंटची हवा इतकी जड असते की त्याखेरीज डीह्युमिडिफायरही लागतोच.

आई-बाबा परतल्यावर ही बाथरूम बराच काळ कुणी वापरली नाही, आणि एके दिवशी खाली गटाराचा वास आला. बिघाड काही नव्हता. शॉवरच्या ट्रॅपमध्ये अडून राहणारं पाणी वाळलं होतं, आणि ते पाणीच वायू रोखतं. तांब्याभर पाणी ओतलं, वास गेला. आता महिन्यातून एकदा शॉवर, बेसिन, कमोड सगळीकडे पाणी सोडतो. ज्यांच्याकडे खालची बाथरूम फक्त पाहुण्यांसाठी आहे त्यांनी हे लक्षात ठेवावं.

खर्चाचं म्हणाल तर रफ-इन होतं म्हणून स्लॅबखालचं मोठं काम वाचलं. प्लंबिंग आणि वीज आम्ही परवानाधारक माणसांकडून करून घेतली, चौकट, ड्रायवॉल आणि रंग मी आणि नवऱ्याने शनिवार-रविवारी केले. रफ-इन नसलेल्या ओळखीच्यांनी सॅनिफ्लोसारखा कमोडमागचा दळणारा पंप बसवला. त्यात फोडाफोड नाही, पण तो प्रत्येक फ्लशला आवाज करतो. आमच्याकडे पिंप आधीच होतं, म्हणून तो पर्याय विचारातच घेतला नाही.

एक शेवटचं. ड्रायवॉल लावायच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीचे टेप धरून फोटो काढा. पाईप कुठे, वायर कुठे, आणि पकडायच्या दांड्यांसाठी चौकटीत ठोकलेल्या आडव्या फळ्या कुठे. त्या फळ्या आम्ही जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांच्या पट्ट्यात सगळीकडे घातल्या होत्या, दांडा मात्र शॉवरमध्ये एकच लावला होता. आल्यानंतर काही आठवड्यांनी बाबा म्हणाले, कमोडपाशीही एक असता तर बरं. फोनमधला फोटो उघडला, अंतर मोजलं, स्क्रू थेट लाकडात गेले आणि संध्याकाळच्या चहाआधी दांडा लागला.