सोलरचा म्हणून घेतलेला तलावाचा पंप घरच्याच विजेवर चालत होता

घरच्या स्विमिंग पूलचा पंप सोलरवर न्यायचा विचार कुणी करत असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. मी सगळी रक्कम देऊन मोकळी झाले आणि दोन महिन्यांनी कळलं, की आमचा पंप उन्हावर चालतच नव्हता.

तलाव बाबांसाठी बांधला. कमरेच्या ऑपरेशननंतर त्यांना पाण्यातले व्यायाम सांगितले होते. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, सरासरी सव्वा मीटर खोल, म्हणजे ४०,००० लिटर पाणी. जुना पंप १ हॉर्सपॉवरचा. तो साधारण १.१ किलोवॉट वीज ओढायचा आणि रोज ८ तास चालायचा. दिवसाला जवळजवळ ९ युनिट, महिन्याला २६० च्या वर. कुणी पोहो वा न पोहो, पाणी गाळत राहावंच लागतं, नाहीतर शेवाळ धरतं.

विक्रेत्याचं बोलणं अभ्यासू होतं. डीसी मोटरचा, म्हणजे पॅनेलमधून येते तशा एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवरचा, पंप हळू चालवता येतो, वेग निम्मा केला तर पाणी निम्मं येतं पण वीज आठव्या हिश्शाइतकीच लागते, असं त्याने सांगितलं. मी शोधून पाहिलं. पंपाचं शास्त्र खरंच असं आहे. ते खरं निघालं म्हणून त्याचं बाकीचंही मी खरं धरलं. ४५० वॅटची ४ पॅनेल, एकूण १८०० वॅट, २५ वर्षांची हमी. "आता तास मोजू नका ताई, ऊन फुकट आहे," हे त्याचे शब्द.

भर दुपारी पंप चालवून दाखवला. तलावात असा झोत आला, की बाबा खुर्चीवरून उठून बघायला आले. त्याच दिवशी मी उरलेली रक्कम दिली. पावतीवर फक्त 'सोलर पूल पंप संच, १ नग' लिहिलं होतं. पंपाचं मॉडेल नाही, पॅनेलचे वॅट नाहीत, सिरियल नंबर नाहीत. ही पावती पुढे मला फार नडली.

दहा दिवसांत पाणी गढूळ झालं. फोन केला तर म्हणाला, क्लोरीन वाढवा. वाढवलं. बाबांचे डोळे चुरचुरायला लागले, पाणी तसंच. मग एके दिवशी फिल्टरच्या, म्हणजे पाणी गाळणाऱ्या वाळूच्या टाकीच्या, प्रेशर गेजकडे लक्ष गेलं. पंप चालू आणि काटा शून्याला चिकटलेला. पाण्याची वाट बदलणाऱ्या मल्टीपोर्ट व्हॉल्व्हचं हँडल 'रिसर्क्युलेट'वर होतं. त्या जागी हँडल असलं की पाणी वाळूतून जातच नाही, पंपातून थेट तलावात येतं. वाळूचा अडथळा नाही, म्हणून झोत जोराचा. मी हँडल 'फिल्टर'वर आणलं, चार-पाच दिवसांत तळ दिसायला लागला. तेव्हा वाटलं, घाईत राहून गेलं असेल. आज तसं वाटत नाही.

पहिलं बिल आलं ते वाढून. त्याने सांगितलं, घरातलं दुसरं काहीतरी जास्त चाललं असणार. दुसरं बिल त्याहून मोठं. ऊन फुकट म्हणून आम्ही पंप ११ तास चालवत होतो!

ओळखीच्या वायरमनला बोलावलं. त्याने पंपाला वीज देणारा डबा, म्हणजे कंट्रोलर, उघडला तर आत वीज येण्याच्या दोन जागा. एक पॅनेलकडून, दुसरी बागेतल्या दिव्याच्या लाइनवरून, भिंतीमागच्या पाइपातून आणलेली. अशा पंपाला हायब्रिड म्हणतात. आधी ऊन वापरायचं, कमी पडेल तेवढं घरच्या विजेतून घ्यायचं. यात वाईट काहीच नाही, पण ती वायर जोडल्याचं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. वायरमनने त्या लाइनचा एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा स्विच, पाडला. दुपारचे १२, आभाळ स्वच्छ. पंप बंद पडला. अर्ध्या मिनिटाने सुरू झाला, गुरगुरला, पुन्हा बंद. असं किती वेळ चाललं होतं ते बघत मी तिथेच उभी राहिले.

कारण पॅनेलमध्ये होतं. स्टिकरवर ४५० वॅट, उघड्या सर्किटला, म्हणजे काहीही जोडलेलं नसताना, ४९ व्होल्ट. मल्टीमीटरवर एकेक पॅनेल ३४ व्होल्ट दाखवत होतं. फोनवर विक्रेता म्हणाला, उन्हाने तापल्यामुळे. तापल्यावर व्होल्टेज उतरतं हे खरं, पण ४९ वालं पॅनेल ४४ च्या आसपास येईल, ३४ वर नाही. मग टेप लावली. १.६४ मीटर बाय ०.९९, म्हणजे १.६२ चौरस मीटर. पॅनेलचे वॅट ठरवताना दर चौरस मीटरला १००० वॅट ऊन धरतात. १६२० वॅट उन्हातून ४५० वॅट काढायचे तर २८ टक्के कार्यक्षमता हवी. बाजारातली चांगली पॅनेल २० ते २३ टक्क्यांची असतात आणि सिलिकॉनची सैद्धांतिक मर्यादाच २९ च्या जवळ आहे. हा हिशोब मला आधी करता आला असता, टेप घरातच होती. स्टिकरची कड नखाने उचलली, तर खाली जुना स्टिकर, २५० वॅटचा. कुठून तरी उतरवलेली वापरलेली पॅनेल. पंप भार घ्यायला गेला की चारही मिळून १०४ व्होल्टवर यायची आणि कंट्रोलरला किमान ११० लागत होते. म्हणून तो सुरू व्हायचा आणि मरायचा, आणि एरवी सगळी वीज घरातून ओढायचा.

याहून भयंकर गोष्ट वायरमनने शेवटी दाखवली. पॅनेलच्या डीसी लाइनवर साधा एसीचा, म्हणजे घरच्या विजेचा, एमसीबी बसवला होता. एसी दर सेकंदाला अनेकदा शून्यावर येते, त्यामुळे स्विच पाडताना उडालेली ठिणगी विझते. डीसी शून्यावर येत नाही, ठिणगी पेटती राहू शकते. आमच्या एमसीबीची एक बाजू काळी पडली होती. पंपाला अर्थिंग नव्हतं. बागेच्या लाइनवर गळती झाल्यास वीज तोडणारा आरसीसीबी नव्हता. आणि त्या पाण्यात बाबा रोज तासभर उतरत होते. पैशाचं दुःख मी विसरेन, हे मला विसरता येत नाही.

पॅनेल बनवणाऱ्या कंपनीला काचेखालचा नंबर पाठवला. स्टिकरवरचा नंबर वेगळाच होता. उत्तर आलं, की हा माल जुन्या २५० वॅटच्या खेपेतला आहे आणि हमी मूळ खरेदीदारापुरती. मी तक्रार दिली आहे. पावतीवर काहीच लिहिलेलं नसल्यामुळे आता फोटो, बिलं आणि वायरमनचा लेखी अहवाल यांवर सगळी मदार आहे. पंप सध्या घरच्या विजेवर, पण अर्थिंग आणि आरसीसीबी लावून, कमी वेगाने चालतो.

मागच्या आठवड्यात कळलं, की बाबांच्या व्यायामाच्या गटातल्या एका मावशींकडे हाच माणूस पॅनेल उतरवून गेलाय, उरलेली रक्कम दुसऱ्या दिवशी द्यायची आहे. मी टेप घेऊन गेले. स्टिकरवर ४५० वॅट. लांबी १.६४ मीटर. मावशींनी त्याला तिथूनच फोन लावला आणि पॅनेल उचलून न्यायला सांगितलं.