अग्निवीर लेखी परीक्षेचा दादरमधील तयारी वर्ग: गणित उत्तम, परीक्षेची ओळख कच्ची

सैन्यातील अग्निवीर भरतीच्या लेखी परीक्षेसाठी दादर पूर्वेला चालणाऱ्या एका तयारी वर्गाचे पूर्ण सत्र माझ्या भाच्याने नुकतेच संपवले. फी मी भरली होती, नमुना तासाला मी त्याच्या शेजारी बसले होते आणि सत्रभर त्याच्या वह्या व सराव चाचण्यांचे गुण पाहत होते, त्यामुळे हा अभिप्राय ऐकीव माहितीवर आधारलेला नाही. वर्गाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण 'पोलीस भरती, आर्मी, नेव्ही' असा एकच फलक लावून चालणाऱ्या इतर वर्गांतही याच त्रुटी थोड्याफार फरकाने आढळण्याचा संभव आहे, आणि प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी नेमके काय तपासावे हे सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

प्रथम चांगले ते सांगते. येथील गणिताचे शिक्षक खरोखर उत्तम आहेत. काळ-काम-वेगाचे उदाहरण घ्या: एक माणूस एखादे काम 12 दिवसांत करतो, दुसरा तेच काम 18 दिवसांत करतो, तर दोघे मिळून किती दिवसांत करतील? बाजारातील बहुतेक प्रश्नसंच हे उदाहरण अपूर्णांकांची बेरीज करून सोडवतात आणि छेद समान करण्यातच मुलांचा अर्धा वेळ जातो. सरांनी 12 आणि 18 यांचा लसावि 36 काढला, संपूर्ण काम 36 भागांचे मानले, पहिला रोज तीन भाग करतो आणि दुसरा दोन, म्हणजे दोघे मिळून पाच, असे सांगून 36 ला पाचाने भागले आणि 7.2 दिवस हे उत्तर फळ्यावर लिहिले. एवढ्यावर न थांबता त्यांनी त्याच मांडणीत नळ-टाकीची उदाहरणे घातली, गळक्या टाकीचा नळ ऋण धरून दाखवला आणि मुलांना उत्तर तोंडी द्यायला लावले. दहावीला गणिताचा धसका घेतलेला माझा भाचा आता शेकडेवारी आणि नफा-तोट्याची उदाहरणे कागदाला पेन न लावता सोडवू लागला आहे, आणि याचे सगळे श्रेय या शिक्षकांना जाते. बुद्धिमत्ता चाचणीचे तासही, म्हणजे संख्यामालिका, सांकेतिक भाषा, नातेसंबंध आणि दिशाज्ञान, त्यांच्याकडेच असल्याने तितकेच नेटके होतात.

अडचण पुढे सुरू होते. हा वर्ग मुळात पोलीस भरतीचा आहे आणि अग्निवीरांची मुले त्याच तुकडीत बसवली जातात. दोन्ही परीक्षा वरवर सारख्या दिसत असल्या तरी त्यांची घडण वेगळी आहे. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत आधी मैदानी चाचणी होते, त्यानंतर दीड तासाची 100 गुणांची लेखी परीक्षा असते, तिच्यात मराठी व्याकरण हा एक स्वतंत्र घटक असतो आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. लष्कराच्या अग्निवीर जनरल ड्युटी, म्हणजे सर्वसाधारण सैनिकाच्या, पदासाठी मात्र एका तासात 50 प्रश्न सोडवायचे असतात, प्रत्येक प्रश्नाला दोन गुण असतात, चुकीच्या उत्तराला अर्धा गुण वजा होतो आणि विषय सामान्य ज्ञान, सामान्य विज्ञान, गणित व तर्कक्षमता हे असतात. मराठी व्याकरणाचा येथे काहीही संबंध नाही. असे असताना आठवड्यातील दोन तास समास, प्रयोग आणि अलंकारांना दिले गेले आणि सामान्य विज्ञानाची बोळवण मात्र हिंदीतील छापील टिपणांवर झाली. ज्या मुलांनी शाळेत मराठीतून विज्ञान शिकले, त्यांनी ती टिपणे घरी नेऊन चाळली आणि बाजूला ठेवली. व्याकरणाचे तास टाळून त्या वेळात विज्ञान घ्यावे, अशी विनंती आम्ही दोनदा केली. तुकडी एकच असल्यामुळे ते शक्य नाही, असे उत्तर मिळाले.

यापेक्षा गंभीर गोष्ट क्रमाची आहे. 2023 पासून लष्कराने भरतीचा क्रम उलटा केला असून आता संगणकावरील सामायिक प्रवेश परीक्षा आधी होते आणि तिच्यातून निवडलेल्यांनाच भरती मेळाव्याला बोलावले जाते. ही गोष्ट कार्यालयात सांगितली असता व्यवस्थापक मला म्हणाले, "ताई, आधी पोराचं ग्राउंड तयार होऊ द्या, लेखीचं नंतर बघू." सत्राच्या पहिल्या टप्प्यात म्हणूनच धावण्यावर भर राहिला आणि विज्ञान अगदी शेवटी, घाईघाईत उरकले गेले. पूर्वी हजारो मुले मैदानातच गळत आणि लेखीपर्यंत थोडीच पोहोचत, तेव्हा हा सल्ला योग्य होता. आज मात्र लेखीत मागे पडलेल्या मुलाला आपला धावण्याचा वेग दाखवण्याची संधीच मिळत नाही.

वजा गुणांविषयी येथे जे शिकवले जाते, त्यावर थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण माझ्या मते मुलांचे सर्वाधिक नुकसान यातच होते. 'खात्री नसेल तर प्रश्न सोडा' हा नियम चालू घडामोडी शिकवणारे शिक्षक प्रत्येक तासाला बजावतात आणि परिणामी सराव चाचणीत मुले बारा-बारा प्रश्न कोरे ठेवतात. जेथे चुकीला त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण कापले जातात, त्या एनडीए किंवा सीडीएसच्या (सैन्यातील अधिकारी निवडीच्या) परीक्षेत हा नियम काही अंशी समजण्यासारखा आहे, कारण चार पर्यायांपैकी डोळे मिटून एक निवडल्यास सरासरीने हाती शून्यच येते. अग्निवीरच्या परीक्षेत हिशेब वेगळा आहे. चार प्रश्न निव्वळ अंदाजाने सोडवले आणि सरासरीप्रमाणे एक बरोबर आला, तर दोन गुण मिळतात, तीन चुकांचे दीड गुण जातात आणि तरीही अर्धा गुण पदरात उरतो. अर्थात हा लाभ नगण्य आहे आणि त्यासाठी वेळ घालवू नये. परंतु ज्या प्रश्नात दोन पर्याय उघडच चुकीचे आहेत हे मुलाला कळते, असे बारा प्रश्न असतील, तर त्यांपैकी सहा बरोबर येऊन बारा गुण मिळतात, सहा चुकांचे तीन गुण वजा होतात आणि नऊ गुणांची भर पडते. गुणवत्ता यादीत नऊ गुणांनी काय फरक पडतो, हे भरतीच्या मुलांना सांगावे लागत नाही. गणिताच्या सरांपुढे हा हिशेब मांडला तेव्हा त्यांना तो तत्काळ पटला, परंतु तुकडीला द्यायच्या सूचना कार्यालयातून येतात आणि त्या सत्र संपेपर्यंत बदलल्या नाहीत.

सराव चाचण्या दर रविवारी नियमित होतात, निकाल त्याच संध्याकाळी लागतो आणि प्रत्येक चुकीवर चर्चाही होते. ही शिस्त खरोखर कौतुकास्पद आहे. मात्र चाचणी कागदावर, गोल काळे करण्याच्या पद्धतीने घेतली जाते. प्रत्यक्ष परीक्षेत पडद्यावर एका वेळी एकच प्रश्न समोर असतो, कोपऱ्यात घड्याळ उलटे चालत असते आणि कोणता प्रश्न सोडवला, कोणता पुन्हा पाहण्यासाठी राखून ठेवला, हे क्रमांकांच्या चौकटीवरून ओळखावे लागते. कागदावर मूल सगळी प्रश्नपत्रिका एकदा चाळून सोपे प्रश्न हेरते, तर पडद्यावर तीच सवय वेगळ्या रीतीने लावून घ्यावी लागते. लष्कराच्या जॉइन इंडियन आर्मी या अधिकृत संकेतस्थळावर सराव परीक्षा विनामूल्य उपलब्ध आहे, पण वर्गात तिचा साधा उल्लेखही झाला नाही. परीक्षा आता तेरा भाषांमधून देता येते आणि त्यांत मराठीचा समावेश आहे, हेही आम्हाला अधिसूचना वाचल्यावरच समजले. तोवर भाचा हिंदीतून परीक्षा द्यायची असे धरून चालला होता.

मैदानी तयारीविषयी फारशी तक्रार नाही. 1.6 किलोमीटर साडेपाच मिनिटांत पूर्ण केल्यास 60 गुण आणि दहा पुलअप्सना 40 गुण, हे कोष्टक प्रत्येक मुलाला पाठ आहे, प्रशिक्षक पहाटे वेळेवर हजर असतात आणि दुखापत झालेल्या मुलाला सक्तीने विश्रांती देतात. मेळाव्यातील अ‍ॅडॅप्टेबिलिटी टेस्टसाठी मात्र जी वेगळी पुस्तिका विकली जाते, ती घेऊ नये. घरापासून दूर, वेगळ्या हवामानात आणि शिस्तीत उमेदवार रुळेल का, हे पाहणाऱ्या चाचणीची 'अचूक उत्तरे' पाठ करून घेणे मुळातच निरर्थक आहे.

वर्गाची जागा जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आहे, पंखे चालतात, पिण्याच्या पाण्याची सोय आहे आणि दिवा-कल्याणकडून येणाऱ्या मुलांसाठी स्थानक पाच मिनिटांवर आहे. फी हप्त्यांनी घेतात, पण पावती मागितल्याशिवाय देत नाहीत. अनुसूचित जातीच्या उमेदवारांनी बार्टी या राज्य शासनाच्या संस्थेच्या आणि इतर मागास, विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या उमेदवारांनी महाज्योती या तशाच संस्थेच्या पोलीस व मिलिटरी भरतीपूर्व प्रशिक्षणाच्या जाहिराती आधी पाहाव्यात, कारण तेथे निवड झाल्यास ही फी भरण्याचे कारणच उरत नाही. विज्ञानासाठी टिपणांऐवजी बालभारतीची नववी-दहावीची पुस्तके वापरावीत. ती ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात आणि अग्निवीर जनरल ड्युटीसाठी शैक्षणिक पात्रताच दहावीची असल्याने तयारीचा पाया म्हणून पुरेशी आहेत.

एवढे करूनही प्रवेश घ्यायचाच असेल, तर केवळ गणित आणि बुद्धिमत्ता चाचणीच्या तासांना बसण्याची परवानगी मागावी. कार्यालय प्रथम नकार देते, परंतु भाच्याच्या तुकडीत उशिरा आलेल्या काही मुलांना ती सवलत कमी फीमध्ये मिळाली होती. ती मिळाल्यास या वर्गाला मी पाचपैकी चार गुण देईन, पूर्ण सत्रासाठी मात्र अडीच.