मणक्यातला स्क्रू: मेहनत आट्यांवर घ्यावी, सिमेंटवर की पृष्ठभागावर?

कोल्हापूरच्या उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावात सीएनसी मशीन चालवणाऱ्या एखाद्याला ऑटोच्या कामाबरोबर मेडिकलमध्ये उतरावंसं वाटणं स्वाभाविक आहे. टायटॅनियमचा बार मिळतो, बारीक आटे पाडायची सवय आहे, मग पेडिकल स्क्रू, म्हणजे मणके रॉडने एकमेकांना जोडताना त्यांच्यात बसवतात तो स्क्रू, का नको? जरूर करा. पण हा स्क्रू कास्टिंगमध्ये बसत नाही, हाडात बसतो, आणि ते हाड बऱ्याचदा साठी-सत्तरीतलं, ठिसूळ झालेलं असतं. तिथे तो घट्ट राहावा यासाठी डिझाइनच्या तीन वाटा आहेत. छोट्या युनिटला तिन्ही एकदम झेपणार नाहीत, म्हणून ही तुलना.

त्याआधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका: पुलआउटचा आकडा. स्क्रू सरळ ओढून काढायला किती ताकद लागली, हे कॅटलॉगमध्ये मोठ्या अक्षरात छापतात. प्रत्यक्षात मणक्यातला स्क्रू सरळ असा फारसा निघतच नाही. माणूस वाकतो, उठतो, जिना चढतो, आणि रॉड स्क्रूचं डोकं वर-खाली हलवत राहतो. म्हैस खुंटा उपसत नाही, हिसके देऊन देऊन त्याचं भोक रुंद करते, तसाच हा प्रकार. मग एक्स-रेवर स्क्रूभोवती काळी कड दिसायला लागते, म्हणजे स्क्रू सैल झाला. म्हणून डिझाइन जोखताना या हिसक्यांत ते किती टिकतं ते बघायचं, आणि पुढे कधी काढावं लागलं तर सहज निघेल का, तेही.

पहिली वाट आट्यांची, आणि सगळ्यात जास्त करण्यासारखं इथेच आहे. कंबरेच्या मणक्यात साधारण 5.5 ते 7.5 मिमी व्यासाचे स्क्रू जातात. पकडीचा मोठा वाटा पेडिकल या अरुंद हाडी नळीतून येतो, त्यामुळे लांबीपेक्षा व्यास महत्त्वाचा. पण व्यास वाढवून वाढवून पेडिकल फुटला तर शेजारीच मज्जातंतू आहे. म्हणजे बाहेरचा व्यास रुग्णाच्या हाडाने ठरवून दिलेला; तुमच्या हातात राहतो आतला कोअर, म्हणजे आटे सोडून उरणारा मधला दांडा. 6.5 मिमीच्या स्क्रूत कोअर 4 वरून 4.5 मिमी केला, तर वाकण्याविरुद्धची ताकद व्यासाच्या घनाने वाढते, म्हणजे सुमारे 42 टक्के. त्याची किंमत अशी, की आट्याची खोली 1.25 वरून 1 मिमीवर येते आणि भुसभुशीत हाडात पकड कमी होते. यावर प्रचलित तोडगा म्हणजे दोन प्रकारचे आटे: डोक्याकडे, पेडिकलच्या कडक भागात बारीक आणि जवळजवळ, टोकाकडे, मणक्याच्या मऊ गाभ्यात खोल आणि लांब-लांब. डबल स्टार्टचं, म्हणजे एकाच स्क्रूवर दोन आटे जोडीने फिरवण्याचं, कौतुक फार होतं. पिच, म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर, 2.75 मिमी असेल तर एका फेऱ्यात 5.5 मिमी आत जातो, सर्जनचा वेळ वाचतो; पण तेवढ्याने पकड वाढली असं समजू नका. निमुळता कोअर मात्र आत जाताना हाड दाबून घट्ट करतो. त्याची खोड एकच. उंची जुळवायला स्क्रू थोडा उलटा फिरवला, की हाडाचा दाब सैल पडू शकतो. असा स्क्रू करायचा तर किती खोल गेला हे सर्जनला स्पष्ट दिसेल अशी खूण हवीच.

दुसरी वाट सिमेंटची. स्क्रू आतून पोकळ, टोकाकडे आडवी छिद्रं, त्यातून दोन-एक मिली हाडाचं सिमेंट, म्हणजे पीएमएमए, आत सोडतात. हाड फारच ठिसूळ असेल तर याला तोड नाही. पकड काही मिनिटांत मिळते. तोटेही तितकेच खरे. सिमेंट शिरेत शिरून फुप्फुसापर्यंत जाऊ शकतं. छिद्रं फार मागे घेतली तर ते मज्जारज्जूच्या बाजूला येण्याचा धोका. पुढे इन्फेक्शन झालं तर हे सगळं काढताना सर्जनचा घाम निघतो. कारखान्याच्या बाजूने डोकेदुखी म्हणजे आडव्या छिद्राच्या आतली बर, छिद्र पाडताना राहिलेली धातूची धारदार कड. बाहेरून दिसत नाही, पण फटीग क्रॅक, म्हणजे पुन्हा पुन्हा भार पडून जाणारा तडा, तिथूनच सुरू होतो. तरुण रुग्णासाठी मला ही वाट पटत नाही. आत गेल्यावर फुलणारे स्क्रूही असतात. पाकळ्यांमध्ये हाड वाढलं की ते काढणं अवघड, त्यामुळे सुरुवात त्यांनी करू नये.

तिसरी वाट, हाड स्वतःहून धरेल असा पृष्ठभाग: हायड्रॉक्सीॲपेटाइटचा, म्हणजे हाडातल्या खनिजासारख्या पदार्थाचा थर किंवा थ्रीडी प्रिंटेड सच्छिद्र टायटॅनियम. साधारण 300 ते 600 मायक्रॉनच्या छिद्रांत हाड चांगलं शिरतं. पण त्याला आठवडे, महिने लागतात. तोवर भार आट्यांवरच. ही वाट खरी शोभते ती दोन मणक्यांच्या मधल्या केजला, म्हणजे चकतीच्या जागी बसवायच्या पोकळ ठोकळ्याला. पीक प्लॅस्टिकच्या केजचा ताठपणा 3 ते 4 गिगापास्कल, हाडाच्या कडक कवचापेक्षाही लवचिक, एक्स-रेत आड येत नाही, पण हाड त्याला नीट चिकटत नाही. भरीव टायटॅनियमला हाड चिकटतं, पण ते 110 गिगापास्कल, हाडाच्या मानाने फार ताठ. जाळीदार टायटॅनियम दोन्हींचा मध्य साधतं. मात्र प्रिंटरचा खर्च आणि छिद्रांत अडकलेली पावडर काढून ती निघाल्याचं सिद्ध करणं, हे छोट्या युनिटचं काम नव्हे.

माझा कौल आट्यांना. स्विस टाइप लेथ आणि थ्रेड व्हर्लिंग (लांब, बारीक स्क्रूवर खोल आटे पाडायची सोय) असेल तर दोन पिचचा स्क्रू आधी करा. तो हाताखाली आला की त्याच ड्रॉइंगवर सिमेंटची छिद्रं. केजकडे सध्या बघूही नका.

लायसन्सचंही गणित मांडून ठेवा. 2017 च्या मेडिकल डिव्हाइसेस रूल्सनुसार स्पायनल इम्प्लांट क्लास सीमध्ये येतात आणि त्यांचं लायसन्स राज्य नव्हे, केंद्र देतं. एएसटीएम या मानक संस्थेच्या एफ1717 ची फटीग टेस्ट 50 लाख सायकलची. 5 हर्ट्झने एकच नमुना साडेअकरा दिवस मशीन अडवतो. त्यात स्क्रू पॉलिएथिलीनच्या ठोकळ्यात बसवलेले असतात, त्यामुळे ती पास झाली तरी हाडातल्या पकडीबद्दल काहीच कळत नाही. पकडीसाठी एफ1839 चा पॉलियुरेथेन फोम वेगळा आणावा लागतो. जास्त घनतेच्या ग्रेड 20 वर आकडे देखणे येतात, म्हणून सप्लायर तोच पुढे करेल. तुम्ही ग्रेड 10 मागा, म्हणजे 0.16 ग्रॅम प्रति घन सेंमी घनतेचा. ठिसूळ हाडाच्या जवळ जाणारा तो. त्यात स्क्रूला आधी वर-खाली हलवा, आणि मगच ओढून बघा.