राजाबाई टॉवर, ओळंबा आणि दहावीची त्रिकोणमिती : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या एप्रिलात माझ्या मुलीची नववीची परीक्षा संपली. टॅन ३०, टॅन ४५, टॅन ६० (टॅन म्हणजे काटकोन त्रिकोणात कोनासमोरची बाजू भागिले लगतची बाजू) या किमती तिला झोपेतून उठवून विचारल्या तरी सांगता यायच्या. एका संध्याकाळी गॅलरीत उभ्या असताना मी समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी दाखवून विचारलं, "हिची उंची काढशील का गं?" ती थोडा वेळ टाकीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आई, पण कोन दिलाच नाहीये."

त्या वाक्याने मी अस्वस्थ झाले. पुस्तकातल्या गणितात कोन दिलेला असतो, अंतर दिलेलं असतं, बरेचदा आकृतीही काढलेली असते. मुलांनी करायचं ते फक्त शेवटचं काम. त्रिकोण कुठे दडलाय हे शोधण्याचं खरं काम त्यांच्या वाट्याला येतच नाही. मी मुंबईत फोर्टात नोकरी करते, त्या भागातले रस्ते पायाखालचे. म्हणून आम्ही दोघींनी रविवार सकाळसाठी एक पायवाट आखली : सीएसएमटी, टाउन हॉल, दलाल स्ट्रीट, हुतात्मा चौक, ओव्हल मैदान आणि शेवटी गेटवे. चालणं तीन-साडेतीन किलोमीटरचं. शहरात फिरत गणित करण्याची कल्पना नवी नाही. मेलबर्नमध्ये १९८०च्या दशकात अशी वाट आखली गेली होती आणि आता त्यासाठी मोबाइल ॲपही मिळतात. आम्ही मात्र आमचे प्रश्न आमचे आम्हीच तयार केले. एप्रिल ते डिसेंबर वापरून झाल्यावर लिहिते आहे.

आधी साधनाबद्दल. कंपासपेटीतला कोनमापक, त्याच्या सरळ कडेला चिकटपट्टीने लावलेली रिकाम्या पेनाची नळी, मध्यबिंदूच्या भोकातून ओवलेला दोरा आणि दोऱ्याला बांधलेला लोखंडी नट. म्हणजे गवंड्याचा ओळंबाच. नळी सपाट धरली की दोरा ९० वर असतो. नळीतून शिखर बघायला ती वर उचलली की दोरा ९० पासून जितका सरकतो तितका उन्नत कोन, म्हणजे सपाट रेषेपासून नजर जितकी वर गेली तो कोन. सरकलेला कोन आणि उन्नत कोन सारखेच का, हे मी तिला सांगितलं नाही. तिला ते शोधायला एक अख्खी लोकल लागली, दादर ते सीएसएमटी. पण एकदा सापडल्यावर परत कधी चुकलं नाही. एक सूचना : पहिला नट हलका होता आणि वाऱ्याने दोरा नुसता झुलत राहायचा. जड नट घ्या. एकाने नळीतून बघायचं, दुसऱ्याने दोरा बोटाने कोनमापकावर दाबून धरायचा आणि मग वाचायचा. एकट्याने हे जमत नाही, आणि मला तर तेच आवडलं. विकत घेतला तो फक्त तीस मीटरचा टेप, बाकी सगळं घरातलंच.

मोबाइलमधलं कोन दाखवणारं ॲपही वापरून पाहिलं. ते दशांशात आकडा देतं, त्यामुळे फार अचूक वाटतं. पण फोनची कड शिखराच्या रेषेत धरताना हात अर्धा-एक अंश हलतोच, आणि मग त्या दशांशाला काही अर्थ उरत नाही. शिवाय ॲपमध्ये आकडा आयता मिळतो, ९० मधून वजा करण्याचा विचार होत नाही. आम्ही दोरा ठेवला आणि फोन फक्त पडताळ्यापुरता.

सीएसएमटीपाशी आम्ही मोजत नाही. तिथे रहदारीत टेप पसरणं शक्य नाही. ही वास्तू १८८८ची आणि समोरचं महापालिका मुख्यालय १८९३चं, दोन्ही वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सची. तिथे फक्त अंदाज बांधायचा : अमुक ठिकाणाहून कळसाचा कोन किती असेल? मग नळीने बघायचं. सुरुवातीला तिचा अंदाज पंधरा-वीस अंशांनी चुकायचा, नेहमी जास्तच यायचा. मान वर करावी लागली की आपल्याला कोन फार मोठा वाटतो. आता ती तीन-चार अंशांच्या आत येते.

टाउन हॉल हे या वाटेवरचं माझं सगळ्यात लाडकं ठिकाण. एशियाटिक सोसायटीच्या या १८३३च्या इमारतीला तीस पायऱ्या आहेत. तिने एका पायरीची उंची मोजली, रुंदी मोजली आणि भागाकार केला : हा चढाचा टॅन. मग मी म्हटलं, आता दहा पायऱ्यांचा काढ. तिने दहा पायऱ्यांची एकूण उंची आणि एकूण रुंदी घेतली आणि मध्येच थांबली. "अगं, दोन्हीला दहानेच गुणतेय. तेच येणार." मी म्हटलं, आणि तीस पायऱ्यांचा? ती पायरीवर बसली आणि खालून वरपर्यंत बघत राहिली. एक पायरी आणि अख्खा जिना, त्रिकोण लहान-मोठे पण कोन एकच, म्हणून गुणोत्तरही एकच. समरूप त्रिकोणांचं प्रकरण तिने त्याआधी वाचलं होतं, त्यावर मार्कही मिळवले होते. पण टॅन हा कोनाचा असतो, त्रिकोणाच्या आकारमानाचा नसतो, हे तिला त्या पायऱ्यांवर कळलं. मलासुद्धा इतकं स्वच्छ शाळेत कधी कळलं नव्हतं, हे प्रामाणिकपणे सांगते.

आता राजाबाई टॉवर. प्रेमचंद रायचंद यांनी दिलेल्या देणगीतून हा मनोरा उभा राहिला आणि त्यांच्या आईचं नाव त्याला मिळालं. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, बांधकाम १८७८ मध्ये पूर्ण. उंची २८० फूट, म्हणजे ८५ मीटर. तो विद्यापीठाच्या आवारात आहे, त्यामुळे पायथ्यापासून टेप धरून चालत येणं शक्य नाही. पण समोर ओव्हल मैदान मोकळं आहे. पायथा गाठता येत नसेल तर दोन जागांवरून दोन कोन घ्यायचे आणि त्या दोन जागांमधलं अंतर मोजायचं.

मेमधल्या पहिल्या प्रयत्नात जवळच्या जागेवर कोन ४१ अंश आला, मागे सरकून ३० अंश आला आणि मधलं अंतर ४५ मीटर. तिथेच गवतावर बसून तिने समीकरण मांडलं. जवळच्या जागेचं मनोऱ्यापासूनचं अंतर क्ष धरलं तर क्ष गुणिले ०.८६९ बरोबर (क्ष + ४५) गुणिले ०.५७७. क्ष आला ८९ मीटर, त्यावरून उंची सुमारे ७७.४, त्यात डोळ्यांची उंची दीड मीटर मिळवून ७९च्या जरा खाली. खरी उंची ८५. सहा मीटरचा फरक, म्हणजे दोन मजले! तिचा चेहरा पडला. समीकरण तीनदा तपासलं, चूक सापडेना.

घरी आल्यावर तिने आजोबांना फोन लावला. माझे वडील भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होते, आयुष्य जमीन मोजायची साखळी आणि नकाशा काढायचा फलक घेऊन शेताच्या बांधांवर गेलं. त्यांनी सगळे आकडे लिहून घेतले आणि म्हणाले, "बाळ, तुझं गणित बरोबर आहे. तुझा पाया, म्हणजे दोन जागांमधलं अंतर, तोकडा आहे. आणि तो ४१ चा ४० करून एकदा बघ." तिने ४० घालून पाहिलं. उत्तर आलं ८४.८. एका अंशाने सहा मीटर! दोन जागा जवळजवळ असतील तर दोन्ही कोन जवळजवळचे येतात, सूत्रात त्यांच्या टॅनची वजाबाकी असते, आणि वजाबाकी लहान झाली की छोटीशी चूक मोठी होऊन बाहेर पडते. पुढच्या रविवारी आम्ही मैदानाच्या थेट पलीकडच्या बाजूला गेलो. लांबचा कोन २२ अंश आला, पाया १०७ मीटर. या वेळी जवळचा कोन नीट, पाच-पाचदा घेतला, तो ४० भरला. उत्तर जवळजवळ ८५. मग तिने मुद्दाम ४१ घालून पाहिलं, तर ८२च्या थोडं वर आलं. चूक तीच, एका अंशाची, पण फरक सहावरून तीनच्याही खाली आला. हे तिचं तिने करून बघितलं, मी सुचवलंही नव्हतं.

आजोबांनी मग तिला हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणाऱ्या विल्यम लॅम्टनची गोष्ट सांगितली. १८०२ मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी त्याने पहिला पाया मोजला, साधारण साडेसात मैलांचा, आणि तेवढ्याला ५७ दिवस घेतले. त्याच मोजणीतून पुढे त्रिकोणाला त्रिकोण जोडत हिंदुस्थान मोजला गेला आणि हिमालयातलं सर्वोच्च शिखरही सापडलं. लॅम्टन १८२३ मध्ये वारला तो आपल्या हिंगणघाटला. हे ऐकल्यापासून माझी मुलगी टेप ताणून धरते. आधी तो पोटात लोंबायचा आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही.

ओव्हलवरची आणखी एक गंमत आजोबांचीच. क्रिकेटच्या खेळपट्टीची लांबी २२ यार्ड, म्हणजे ६६ फूट, म्हणजे मोजणीतली इंग्रजी साखळी. आपला गुंठा ३३ फूट गुणिले ३३ फूट. म्हणजे खेळपट्टीएवढी बाजू असलेला चौरस बरोबर चार गुंठ्यांचा. मैदानावर मुलं खेळत असतात तेव्हा टेप पसरता येत नाही, तर स्टंपांमधलं अंतर घेऊन पावलं मोजायची. तिची २८ पावलं म्हणजे एक खेळपट्टी.

गेटवे त्या मानाने सोपा. १९२४ मध्ये खुला झालेला, उंची सुमारे २६ मीटर. ४५ मीटरवरून २९ अंश, म्हणजे २४.९ अधिक दीड. एका दमात जमलं. बंदोबस्तावरच्या पोलिसाने "हे काय आहे?" म्हणून विचारलं, तिने समजावलं, त्यानेही नळीतून पाहिलं. गर्दी मात्र फार. साडेसातच्या आत पोचाल तरच मजा.

दलाल स्ट्रीट आम्ही आता वाटेवरून काढून टाकलाय. शेअर बाजाराची इमारत ११८ मीटर उंच आणि गल्ली अरुंद. तीस मीटरवर उभं राहिलात तर कोन ७५च्या पुढे जातो. ७५ धरला तर उंची ११३, ७६ धरला तर १२२. त्या कोनाला नळीतून बघताना मानही दुखते. पण एकदा तरी मुलांना तिथे न्या, टॅनचा आलेख ९०कडे जाताना कसा उसळतो ते तिथे कळतं.

९०चं तर वेगळंच झालं. मुंबईत १५ मेच्या सुमारास भरदुपारी, साडेबारानंतर काही मिनिटांनी, सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्या आठवड्यात आम्ही गच्चीवर मीटरभराची काठी उभी करून सावलीवरून उंची काढत होतो : उंची बरोबर सावली गुणिले सूर्याच्या कोनाचा टॅन. भास्कराचार्यांच्या ११५०च्या 'लीलावती'त बारा अंगुळांचा शंकू आणि त्याची छाया येते, तेच गणित. सावली आखडत आखडत काठीच्या बुडाशी नाहीशी झाली. ती म्हणाली, "शून्याला कशाने गुणलं की एक मीटर येईल?" आणि मग स्वतःच, "म्हणून टॅन ९० नसतो!" वहीत 'अव्याख्यात' हा शब्द तिने वर्षभर लिहिला होता. त्या दुपारी तळपाय भाजत होते तरी आम्ही हललो नाही. पुन्हा तोच योग जुलैच्या शेवटी येतो, पण तेव्हा ढग.

आणि हाच मोठा दोष : जून ते सप्टेंबर सगळं ठप्प. कोनमापक भिजतो, मैदानात चिखल, मनोऱ्याचं टोक दिसत नाही. ऑक्टोबरच्या उन्हातही नऊनंतर नको वाटतं. नोव्हेंबरपासून खरी मजा.

दुसरं, परीक्षेच्या दृष्टीने. दहावीच्या त्रिकोणमितीच्या प्रकरणात 'सिद्ध करा' प्रकारची गणितं भरपूर असतात, नित्य समानता, म्हणजे कोन कोणताही असला तरी खरी राहणारी सूत्रं, वापरायच्या. तिथे ही पायवाट काहीही मदत करत नाही. त्यासाठी वही घेऊन बसावंच लागतं, आणि दिवाळीनंतर तिला त्याचं दडपण आलं तेव्हा आम्ही दोन रविवार सोडले. उन्नत आणि अवनत (खाली बघतानाच्या) कोनांच्या शाब्दिक उदाहरणांत मात्र फरक डोळ्यांना दिसण्याइतका आहे. ती आधी आकृती काढते, डोळ्यांची उंची धरायची की नाही हे विचारते, आणि उत्तर आल्यावर ते शक्य आहे का ते बघते. परवा एका सरावपत्रिकेत झाडाची उंची १७३ मीटर आली. पूर्वी तिने खाली दोन रेघा मारून पुढचं गणित घेतलं असतं. या वेळी तिने खोडरबर घेतलं.

हे करून बघायचं असेल तर सुरुवात पायऱ्यांपासून करा, मनोऱ्यापासून नको. फोर्टच हवं असंही नाही, देवळाची दीपमाळ चालेल, गावातली पाण्याची टाकी चालेल, फक्त समोर शंभर मीटर मोकळी जागा बघा. खरी उंची मुलांना आधी सांगू नका.

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी आजोबा स्वतः ओव्हलवर आले. नातीने आणि त्यांनी वेगवेगळं मोजलं, एकमेकांना न दाखवता. दोन उत्तरांत बरोबर दीड मीटरचा फरक निघाला. दोघांपैकी डोळ्यांची उंची मिळवायला कोण विसरलं, यावर चर्चगेट स्टेशनापर्यंत वाद चालला होता.