रात्रीचा फोन की समोरची खुर्ची?

कोल्हापुरात राजारामपुरीत आम्ही शिकणाऱ्या पोरांना खोल्या भाड्यानं देतो. गेल्या पावसाळ्यात एकाचा मेसचा डबा दोन दिवस दाराबाहेर तसाच होता. भाकरी कडक, आमटी आंबलेली. रात्री अकराला त्यानं दार उघडलं. "काकू, झोपच लागत नाही ओ."

अशा वेळी कॉलेजातला समुपदेशक कुठून भेटणार? तिथं टेलिमानसच कामाला येते. केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ही फोनवरून मानसिक आधार देणारी सेवा, नंबर १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतून बोलता येतं. त्यानं माझ्यासमोरच फोन लावला. मी चहा ठेवायला आत गेले, मुद्दामच. अर्ध्या तासानं कप घ्यायला आला, तेव्हा डोळे सुजलेले होते, पण खांदे सैल पडले होते.

कॉलेजातल्या समुपदेशकाचं बळ वेगळं. तेच माणूस पुढच्या आठवड्यातही समोर असतं. तुमचं उतरलेलं तोंड, नखं खाणं त्याला दिसतं. फोनवर हे कुठून कळणार? अडचण एकच, वर्गातलं कुणी बघेल ही भीती. ती खरी आहे, तिला हसू नये. औषधाची गरज वाटली, तर समुपदेशक ते लिहून देत नाहीत. त्यासाठी मनोविकारतज्ज्ञच लागतो, आणि त्याकरता सीपीआर, म्हणजे इथलं सरकारी रुग्णालय, आहे.

माझं मत विचाराल, तर अंगावर आलेल्या रात्रीसाठी फोन, आणि महिनोन्महिने साचलेल्यासाठी समुपदेशकासमोरची खुर्ची. कुणी जिवाचं बरंवाईट करायचा विचार बोलून दाखवला, तर मात्र फोन लावा आणि त्याला एकटं सोडू नका.

आमचा पोरगा आता दर बुधवारी समुपदेशकाकडे जातो. डबा रिकामा येतो.